एकटीने गालापागोस

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६१. गालापागोस बेटं लहान जहाजावरून एकटीने पाहायची आहेत. दुप्पट पैसे पडतील का? एकटं वाटेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जरूर जा. तिथे १०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजांना परवानगीच नाही आणि अनेक बोटी तर अवघ्या १६ जणांच्या असतात. एका गाइडमागे साधारण तेवढेच प्रवासी. जेवण एकत्र, बेटावर उतरणंही एकत्र. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची नावं पाठ झालेली असतात. उलट निवांतपणा हवा असेल, तर थोडं मोठं जहाज बघा.

पैशांचं मात्र नीट समजून घ्या. जाहिरातीतला दर केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो. एकटीने अख्खी केबिन घेतली की जादा आकार पडतो, कधी कधी जवळजवळ दुप्पट. काही बोटींवर एकट्यांसाठी केबिन असतात, पण मोजक्याच. दुसऱ्या एकट्या स्त्रीबरोबर केबिन वाटून घ्यायची तयारी असेल, तर हा आकार बहुधा टळतो. बुकिंगआधी लेखी विचारा. परदेशी प्रवाशाला राष्ट्रीय उद्यानाचं २०० डॉलर शुल्क असतं, ते वेगळं.

बोट लागत असेल, तर डिसेंबर ते मे हा काळ निवडा. जूनपासून हम्बोल्ट प्रवाहामुळे पाणी गार आणि समुद्र खवळलेला असतो. रबरी होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि वैद्यकीय कारणासाठी विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा घेतल्याशिवाय निघू नका.