कार्बनची सायकल आणि टपावरचे कॅरिअर : स्वस्तात निवड कशी करावी?

सुट्टीच्या दिवशी मोटारीच्या टपावर सायकल बांधून पुण्या-मुंबईहून घाटाकडे निघणारी मंडळी आता नेहमी दिसतात. त्यामुळे मोटार ॲक्सेसरीजच्या दुकानांत सायकल कॅरिअरची विचारणा होते. या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. म्हणून गिऱ्हाईक व दुकानदार या दोघांच्याही उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम कार्बनचा स्वभाव पाहू. कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी यांपासून बनविलेली फ्रेम वजनाला हलकी असते व सायकल चालविताना पडणारा भार उत्तम सोसते. मात्र तिच्या नळीची भिंत पातळ असते. ती एका जागी जोराने आवळली तर तडकू शकते. लोखंडी नळीला पोचा पडला की तो डोळ्यांना दिसतो. कार्बनचे आतले थर सुटले तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो, आणि मग फ्रेम ऐन उतारावर दगा देते.

टपावरच्या कॅरिअरचे मुख्य प्रकार तीन.

१) फ्रेम पकडणारे : यात क्लँपने खालची नळी आवळतात. साध्या, स्वस्त क्लँपवर दाब मर्यादित ठेवण्याची सोय नसते. कार्बनसाठी हा प्रकार टाळावा. काही महाग मॉडेलांत दाब मर्यादित ठेवणारी मूठ असते व कार्बनसाठी वेगळे संरक्षक मिळते. तरीही सायकल कंपनीची पुस्तिका आधी पाहावी.

२) चिमटा पकडणारे : पुढचे चाक काढून सायकलचा चिमटा कॅरिअरला आसाच्या जागी बसवितात. फ्रेमच्या नळीला हात लागत नाही. कमी खर्चात हाच प्रकार बरा. आसाचे माप मात्र जुळले पाहिजे. जुन्या क्विक रिलीजच्या चिमट्याला ९ मिलिमीटरचे, तर डिस्क ब्रेकच्या बहुतेक नव्या रोड सायकलींना १२ मिलिमीटरच्या थ्रू ॲक्सलचे माप लागते. काढलेले चाक गाडीत ठेवावे.

३) चाक पकडणारे : पुढचे चाक दोन दांड्यांत अडकते, मागचे पट्ट्याने बांधतात. फ्रेम पूर्ण मोकळी राहते. सोय सर्वांत चांगली, पण किंमत जास्त. पुढच्या चाकावर पूर्ण मडगार्ड असल्यास हे बहुधा बसत नाही.

आता वजनाचा हिशेब. टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुष्कळ गाड्यांत ती ५० ते ७५ किलो असते. समजा आडवे बार ६ किलो, दोन कॅरिअर १६ किलो आणि दोन सायकली १८ किलो, तर एकूण ४० किलो होतात. बार व कॅरिअरचे वजन धरण्यास लोक विसरतात. किंमत सांगतानाही बार, पाय, कॅरिअर व कुलूप यांची बेरीज सांगावी. नुसत्या कॅरिअरचा भाव ऐकून गिऱ्हाईक फसते.

जुना माल घेण्यास हरकत नाही. प्लॅस्टिकला भेगा, पट्ट्यांचे झिजलेले दात, गंजलेले बोल्ट आणि हरवलेल्या किल्ल्या तेवढ्या तपासाव्यात. बसविल्यावर काही किलोमीटर जाऊन सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. गाडीची वाढलेली उंचीही ध्यानात ठेवावी, नाहीतर पार्किंगच्या कमानीत सायकल आणि टप दोन्ही जातील.

शेवटी दुकानदार बांधवांसाठी. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, म्हणून विचारले होते. साधा क्लँप विकण्यापूर्वी ‘सायकल कार्बनची आहे काय?’ एवढे विचारणे ही त्याच शिकवणुकीची अंमलबजावणी आहे. असे विचारल्याने एखादी विक्री हुकेल, पण एखाद्याचा जीव वाचेल, आणि तो माणूस पुढची खरेदी आपल्याच दुकानात करील.