धडधाकट मुलास डोस कशाला?

परिचारिका लस घेऊन दारीं आली म्हणजे पुष्कळ आईबाप विचारतात, “आमचें मूल धडधाकट आहे, त्यास पोलिओचा डोस कशाला?” हा प्रश्न रागानें उडवून लावण्याजोगा नाहीं. त्याचें उत्तर प्रत्येकास देतां आलें पाहिजे. यास्तव ह्या पाठांत त्याचाच विचार करूं.

१. रोगाची रीति. पोलिओचा विषाणु तोंडावाटे पोटांत शिरतो, आंतड्यांत वाढतो व विष्ठेवाटे बाहेर पडतो. पुढें पाणी, अन्न व न धुतलेले हात ह्यांच्या द्वारें तो दुसऱ्याच्या तोंडीं जातो. ज्यांस संसर्ग होतो त्यांपैकीं बहुतेकांस कांहींच जाणवत नाहीं. कित्येकांस थोडा ताप येऊन जातो. परंतु सुमारें २०० जणांत एकाचा पाय किंवा हात कायमचा लुळा पडतो. श्वासाचे स्नायु निकामी झाले तर प्राणही जातो. ह्यावरून काय दिसतें? एक मूल लंगडें होतें, तेव्हां कितीतरी धडधाकट मुलांनीं तो विषाणु नकळत वाहिलेला असतो. लुळा पडलेला पाय पूर्ववत् करणारें औषध नाहीं; उपाय आहे तो आधींचाच.

२. लसीचें कार्य. जोनास साल्क ह्यांची टोंचण्याची लस १९५५ सालीं प्रचारांत आली. पुढें आल्बर्ट सेबिन ह्यांनीं तोंडावाटे देण्याची लस तयार केली. जेथें हगवण व पोटाचे विकार फार, तेथें एका डोसानें प्रत्येक मुलास संरक्षण मिळत नाहीं. म्हणून तो पुनः पुनः द्यावा लागतो. थेंबांतील विषाणु दुर्बल केलेला असतो; तरी जेथें पुष्कळ मुलें लसीवांचून राहतात, तेथें तो दीर्घकाळ फिरून पुनः सबळ होऊं शकतो. ह्यावरही उपाय हाच कीं, एकही मूल वगळूं नये.

३. आपल्या देशाचा अनुभव. १९८८ सालीं जगांतून पोलिओ नाहींसा करण्याचा ठराव राष्ट्रांनीं केला. त्या काळीं वर्षास सुमारें साडेतीन लाख मुलें पंगु होत. भारतांत १९९५ पासून ठराविक दिवशीं लहान मुलांस डोस देऊं लागले; पुढें पांच वर्षांखालील सर्व मुलांस तो देऊन करंगळीवर शाईची खूण करूं लागले. तरीही २००९ सालीं येथें ७४१ मुलांस हा रोग झाला. मग सेवक कोसी नदीच्या पूरग्रस्त गांवीं, वीटभट्ट्यांवर व आगगाड्यांतही मुलें शोधीत गेले. शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावड्यास आढळला. ती एक लहान मुलगी होती, आणि तिला एकही डोस मिळालेला नव्हता. २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त ठरला.

४. मग आतां कशाला? मूळ रानटी विषाणूच्या तीन जातींपैकीं दोन जगांतून गेल्या. पहिली अद्याप पाकिस्तान व अफगाणिस्तान येथें आहे. आफ्रिका खंड २०२० सालीं ह्या रानटी विषाणूपासून मुक्त ठरला होता; तरी २०२२ सालीं मलावी देशांत आढळलेला विषाणु मूळचा पाकिस्तानांतला निघाला. समुद्रही त्यास अडवूं शकला नाहीं. तर आपल्या गांवची वेस काय अडविणार? त्यास अडविते ती लस घेतलेलीं मुलें.

मंडळींत विचारण्याजोगे प्रश्न
१. धडधाकट दिसणाऱ्या मुलापासून रोग कसा पसरतो?
२. डोस पुनः पुनः कां द्यावा लागतो?
३. आपल्या गांवांत कोणाचें मूल राहून गेलें आहे, आणि त्या घरीं कोण जाईल?