मोकामा घाट : दोन रुळांमधले गाव

गंगेच्या दक्षिण तीरावरील मोकामा हे गाव जुने आहे. त्याच्या लगतचा मोकामा घाट मात्र लोहमार्गाचे अपत्य होय. पाटण्याच्या पूर्वेस, नदीच्या या बाजूने कलकत्त्याकडून येणारा रुंदमापी, म्हणजे ब्रॉडगेज लोहमार्ग जात असे. पलीकडे सिमरिया घाटापासून उत्तर बिहारमध्ये पसरलेले रूळ मीटरगेजचे होते. पहिल्याच्या रुळांतील अंतर १.६७६ मीटर, तर दुसऱ्याच्या रुळांतील अवघे एक मीटर. म्हणजे नदी नसती, तरीही येथे प्रत्येक वाघीण रिकामी करून दुसरी भरावी लागली असती. नदी आणि मापातला फरक अशा दुहेरी अडचणीतून ही वसाहत जन्मास आली. मालाच्या लांबलचक वखारी, धक्का, आगबोटी, कर्मचाऱ्यांची घरे आणि हमालांच्या झोपड्या एवढाच तिचा पसारा होता.

या वसाहतीचे जिवंत चित्र उपलब्ध आहे, ते जिम कॉर्बेट यांच्यामुळे. वाघांच्या कथांसाठी ख्यातनाम झालेल्या या गृहस्थाने आयुष्याची सुमारे एकवीस वर्षे येथे माल चढविण्या-उतरविण्याच्या कंत्राटात घालविली. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माय इंडिया’ या पुस्तकात त्यांनी तो काळ वर्णिला आहे. वर्षाकाठी सुमारे पाच लाख टन माल येथून जाई, आणि तो सारा माणसांच्या डोक्यावरून व पाठीवरून. मोबदल्याचा दर होता हजार मणांस एक रुपया सात आणे! हजार मण म्हणजे सुमारे सदतीस टन. हे ओझे आधी उतरवून जागेवर रचावयाचे व पुन्हा भरावयाचे. कोळशाच्या कामावर पुरुषांबरोबर स्त्रियाही राबत. त्यांचा मुकादम चमारी हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा असून आपल्या मिळकतीचा मोठा भाग गोरगरिबांना जेवू घालण्यात खर्च करी. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची व पुलांची नावे विपुल आढळतात, अशा माणसांची क्वचितच.

स्टेशनमास्तर रामसरन यांना शिक्षणाची तळमळ होती. त्यांनी व कॉर्बेट यांनी कामगारांच्या मुलांसाठी एका झोपडीत शाळा काढली. प्रारंभी मुले होती वीस. लगेच प्रश्न उभा राहिला तो जातीचा : एकाच घरात उच्च आणि नीच मानलेल्या जातींची मुले एकत्र कशी बसणार? रामसरन यांनी झोपडीच्या भिंतीच काढून टाकल्या. भिंती नसलेले ते घर राहिले नाही, नुसता मांडव झाला; आणि मांडवाखाली एकत्र बसण्यास कोणाची हरकत नव्हती. जातिभेद यामुळे संपला असे मुळीच नाही, पण मुले शिकू लागली व त्यांची संख्या पुढे दोनशेवर गेली.

नदी दोन्ही तीरांना तोडत होती, तशी जोडतही होती. हिंदी कवी रामधारी सिंह ‘दिनकर’ यांचा जन्म १९०८ साली पलीकडच्या सिमरियाचा. माध्यमिक शिक्षणासाठी ते गंगा ओलांडून मोकाम्यास येत.

स्वातंत्र्यानंतर येथे पूल बांधण्याचे ठरले. जागेच्या निवडीसाठी नव्वदी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेण्यात आला. १९५९ साली राजेंद्र सेतू खुला झाला : वरून रस्ता, खालून आगगाडी. बिहारमध्ये गंगेवर बांधलेला हा पहिला रेल्वेपूल. पलीकडे बरौनीस १९६४ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला व उत्तर बिहारच्या उद्योगांना आधार लाभला. पूल आवश्यक होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्या खोळंब्यावर घाटाची चूल पेटत होती, तो खोळंबाच आता उरला नाही. माल गाडीतून न उतरता नदीपार जाऊ लागला, आणि आगबोटींच्या वेळा पाहण्याची गरज कोणाला राहिली नाही.