कोळंबीच्या अंगावरील लव : रोग नव्हे, इशारा

सातारा-सांगली भागात शेततळ्यात किंवा कृष्णाकाठच्या चिबड जमिनीत तळे खोदून गोड्या पाण्यातील जंबो कोळंबी सोडणाऱ्या शेतकऱ्यास कधी ना कधी कोळंबीच्या अंगावर मळकट, कापसासारखी लव दिसते. बुरशी समजून घाईने औषध ओतले जाते. पैसा जातो, लव मात्र पुन्हा येते.

ही लव म्हणजे काय?

सूक्ष्मदर्शकाखाली देठावर उमललेल्या घंटेसारखे एकपेशीय जीव दिसतात. वॉर्टिसेला, एपिस्टायलिस व झूथॅम्नियम ही त्यांची नावे. ते कोळंबीचे रक्त शोषत नाहीत; कवचाला केवळ चिकटून पाण्यातील जिवाणू व सेंद्रिय कण खातात. म्हणजे लव वाढली, की तळ्यात घाण वाढली असे समजावे. ती कल्ल्यांवर पसरली तर मात्र श्वास कोंडतो. पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा मर होते.

कात आणि लव

कोळंबी कात टाकते तेव्हा जुन्या कवचाबरोबर लवही जाते. समुद्रातही हाच नियम आहे. युरोपातील हिरवा किनारी खेकडा 1817 सालापर्यंत अमेरिकेत पोचला व उपद्रवी ठरला. त्यातील बराच काळ कात न टाकलेल्या लालसर खेकड्यांच्या पाठीवर चिकटे जीव अधिक आढळतात. आपल्या तळ्यातील निळ्या, लांब नांग्यांचे जुने नर क्वचितच कात टाकतात, म्हणून तेच प्रथम लवेने माखतात.

उपाय

1. आठवड्यातून एकदा फेकजाळ्याने नमुना काढून कल्ले पाहावेत. कल्ले स्वच्छ असल्यास घाबरू नये. तपकिरी वा काळे असल्यास त्वरित हालचाल करावी.
2. खाद्य निम्म्यावर आणावे. खाद्य ताटात ठेवून किती उरते ते पाहावे.
3. तळाचे पाणी काढून ताजे पाणी द्यावे. पहाटे पंपाने पाणी उडवावे.
4. निळ्या नांग्यांचे मोठे नर निवडून विकावेत. मागे राहिलेले लहान नर जोमाने वाढतात.
5. कात टाकलेली मऊ कोळंबी इतरांच्या भक्ष्यस्थानी पडते. तिच्या आसऱ्यासाठी कौले, पाईपचे तुकडे टाकावेत.

प्रतिजैविके या जीवांवर चालत नाहीत, ती वापरू नयेत. इतर औषधाची मात्रा मत्स्यतज्ज्ञाकडून तपासणी करूनच ठरवावी. पाणी सुधारले, की कोळंबी कात टाकते आणि लव आपोआप उतरते.