साथीचे वादन आणि गोविंदराव पटवर्धन

प्राथमिक शाळेत संगीताचे वाद्य म्हणून बहुधा एकच वस्तू आढळते, ती म्हणजे पेटी. प्रार्थना, समूहगीत, स्नेहसंमेलन या सर्वांना तीच पुरते. पण त्या वाद्यावर सारे आयुष्य वाहिलेला एक थोर कलावंत याच जिल्ह्याने महाराष्ट्राला दिला, हे विद्यार्थ्यांस क्वचितच सांगितले जाते. गुहागर तालुक्यातील अडूर येथे 21 सप्टेंबर 1925 रोजी जन्मलेले गोविंदराव पटवर्धन हे ते कलावंत होत. 30 जानेवारी 1996 रोजी त्यांचे निधन झाले.

गुरुगृही राहून मिळणारी रीतसर तालीम त्यांच्या वाट्यास आली नाही. जे ऐकले ते कानात साठवावे आणि बोटांनी पट्ट्यांवर शोधून काढावे, हाच त्यांचा अभ्यासक्रम. ऐकलेले गाणे कोणी न शिकविता वाजवून पाहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी पुष्कळ वर्गांत असते. तिला ‘पेटीला हात लावू नकोस’ हेच वाक्य बहुतेक वेळा ऐकावे लागते. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी याचा विचार अवश्य करावा.

गोविंदरावांचे कार्यक्षेत्र मुंबई व मराठी संगीत रंगभूमी. छोटा गंधर्व, पं. राम मराठे, डॉ. वसंतराव देशपांडे यांसारख्या गायकांना त्यांनी साथ केली, पं. कुमार गंधर्वांच्या मैफलींतही त्यांची पेटी असे. या गायकांची नावे घेतली तरी साथीदाराचे काम किती कठीण असेल याची कल्पना यावी. छोटा गंधर्व एकच पद निरनिराळ्या प्रयोगांत निरनिराळ्या अंगाने फुलवीत. गायक पुढे कोठे वळणार हे साथीदारास आधी सांगितलेले नसते. त्याने मागोमाग जावयाचे, पण मागे पडावयाचे नाही. पोकळी भरावयाची, पण गायकाच्या स्वरावर आपला स्वर चढवावयाचा नाही.

याशिवाय पट्टीचा प्रश्न असे. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातो, तर स्त्रीचा आवाज काळी चार-पाचकडे असतो. पट्टी बदलली की त्याच पदाची सारी बोटे बदलतात. एकाच रात्री एकाच नाटकात हे पुन्हा पुन्हा करावे लागते. आणि गोविंदरावांना नाट्यपदे मुखोद्गत असल्याने त्यांची नजर कागदावर नसून गायकावर असे.

आता वाद्याविषयी थोडे. हार्मोनियमची जन्मभूमी फ्रान्स. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस येथे ती तयार झाली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून वाजविण्याजोगी हातपेटी बनविली. एका हाताने भाता, दुसऱ्याने पट्ट्या. पायपेटीत व ऑर्गनमध्ये भाता पायांनी चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. पेटीत भात्यातील हवा पितळी सुरांतून बाहेर ढकलली जाते, ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. त्याचा नाद त्यामुळे अधिक गोल व भरदार लागतो. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने जी परंपरा सुरू झाली, तिच्यात पुढे ऑर्गनने मानाचे स्थान मिळविले. गोविंदराव दोन्ही वाद्ये सारख्याच अधिकाराने वाजवीत.

परंतु या वाद्याचा एक दोष मान्य केला पाहिजे. प्रत्येक पट्टीचा स्वर पक्का ठरलेला. दोन स्वरांमधील मींड तिला काढता येत नाही, आणि दरबारी कानड्यातील झुलता गंधार तर तिच्या आवाक्याबाहेरचाच. याच कारणास्तव 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली व ती सुमारे तीन दशके राहिली. त्या वर्षी गोविंदराव पंधराव्या वर्षात होते. नभोवाणीने नाकारलेले वाद्य त्यांनी रंगभूमीवर व मैफलीत असे वाजविले की त्याची उणीव श्रोत्यांस जाणवेना. हे केवळ बोटांच्या चपळाईने झाले नाही. भात्याचा दाब किती ठेवावा, पट्टी केव्हा सोडावी, एका स्वरातून दुसऱ्यात खंड न पडता कसे जावे, यांत ते कौशल्य होते. त्यांच्या एकल वादनाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. ती वर्गात ऐकवावीत, आणि नंतर पदातील शब्द कोठे पडले असतील ते मुलांना ओळखावयास सांगावे.

समूहगीत शिकविताना शिक्षक स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतात, हा सर्वत्र आढळणारा दोष होय. मुलांची पट्टी वेगळी. गीतातील सर्वांत वरचा स्वर प्रथम गाऊन घ्यावा. मुलांच्या माना ताणल्या, आवाज किंचाळू लागला, तर एक पट्टी खाली यावे. मग सर्वांत खालचा स्वर घ्यावा. तो विरून जात असेल तर वर जावे. गीत बसले की पेटी हळूहळू मंद करून काही ओळी नुसत्या षड्जावर गाऊन घ्याव्यात. चाल सुटली तरच पुन्हा पट्ट्यांवर यावे. पेटीच्या आवाजाखाली मुलांचे बेसूरपण झाकले जाते, आणि ज्याचे झाकले गेले त्याचे सुधारत नाही.

कोकणातील दमट हवेत पेटी लवकर बिघडते. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, सुरांत धूळ बसून एखादा स्वर मुका होतो. पावसाळ्यात ती जमिनीवर किंवा ओल्या भिंतीशी न ठेवता फळीवर, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी आणि रोज थोडा वेळ वाजवावी. मुका स्वर सुईने खरवडू नये. ते काम पेटी दुरुस्त करणाऱ्याचे आहे.