अंगणातली फरशी

पावसाळ्यात दारापासून न्हाणीपर्यंत नुसता चिखल. एका श्रावणात आमची आई तिथेच घसरली. मनगट मोडले, दीड महिना हात गळ्यात. तेव्हा आम्ही ठरवले, आता ही वाट फरशीची करायची.

फरशी घेतली शहाबादी. शहाबाद हे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिकडे जमिनीत चुनखडीचा दगड थरावर थर असा असतो, वहीच्या पानांसारखा. थर सुटा केला की झाली फरशी. दुकानात घासून गुळगुळीत केलेली फरशीही मिळते. ती दिसते छान, पण अंगणात नको. ओली झाली की पाय सटकतो. आम्ही खरखरीत घेतली.

आता हिशेब करू. वाट १५ फूट लांब, ३ फूट रुंद. १५ गुणिले ३, म्हणजे ४५ चौरस फूट. एक फरशी २ फूट लांब, २ फूट रुंद, म्हणजे ४ चौरस फुटांची. ४५ ला ४ ने भागले की सव्वाअकरा येतात. पाव फरशी कोण देणार? १२ घ्यायच्या. एखादी फुटेल, म्हणून १३.

वाटेच्या एका बाजूला घराची भिंत, दुसरीकडे सांडपाण्याची नाली. रुंदी ३ फूट, म्हणजे एका ओळीत एक अख्खी फरशी आणि एक अर्धी. इथेच आम्ही फसलो. एका टोकाला माप घेतले आणि सगळ्या अर्ध्या फरश्या एकदम कापून ठेवल्या. लावताना बघतो तर दुसऱ्या टोकाला वाट दोन इंच अरुंद! जुनी मातीची भिंत, ती कुठली सरळ असायला? तीन तुकडे पुन्हा कापावे लागले. दोन इंचांची पट्टी छिन्नीने काढणे सोपे नव्हे. एक तुकडा फुटलाच.

शेजारचे गवंडीकाका हसले. म्हणाले, "अहो, आधी अख्ख्या फरश्या नालीच्या कडेनं मांडा. मग भिंतीकडं जी जागा उरेल ती मोजा. दर तुकड्याचं माप वेगळं. माप जागेवरच घ्यायचं."

कापायचे कसे, तेही त्यांनीच दाखवले. फरशी आधी बोटाने वाजवून पाहायची. खणखणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली तर आत तडा आहे, ती कापायला घेऊ नये. फरशी ओल्या वाळूवर सपाट ठेवायची. खाली पोकळी राहिली तर ती भलतीकडेच फुटते. गुण्या लावून रेघ मारायची, वरून आणि उलटून खालूनही. मग रेघेवर छिन्नी धरून हातोडीने हलके हलके ठोके. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार फेऱ्यांत खाच पडते. उलट्या बाजूनेही तसेच. शेवटी खाच लाकडी पट्टीच्या कडेवर आणायची आणि बाहेर आलेल्या भागावर एक ठोका द्यायचा. फरशी खाचेवर तुटते. घाईने जोरात मारले तर वरचा पापुद्राच निघून येतो.

हल्ली विजेच्या कटरने काम झटपट होते. पण धूळ किती उडते! दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस नावाचा रोग होतो, आणि तो बरा होत नाही. म्हणून पाणी सोडून कापतात. पाणी आणि वीज एकत्र आली की धोका असतोच, तेव्हा ते काम जाणत्याकडेच द्यावे. छिन्नीनेही कपची उडते. डोळ्याला चष्मा हवाच.

फरशी बसवताना नालीकडे उतार ठेवला, ३ फुटांत पाऊण इंच. दरजा सिमेंटने भरल्या आणि आठवडाभर पाणी मारले.

शेवटी एक अख्खी फरशी उरली. तिच्यावर आता आई कपडे धुते.