ठाण्याहून निघण्याआधी

दिमोना

चि. एस्तेर हिस अनेक आशीर्वाद.

तुझं इकडे इस्राएलला येणं पक्कं झालं, हे तुझ्या आईकडून कळलं. "आजोबा, ज्या देशाने आपल्या लोकांना कागद दाखवायला लावले, त्याच्यावर एवढा जीव कसा?" हा तुझा प्रश्न खोचक आहे. मला आवडला.

माझ्या मोरोक्कोच्या, इराकच्या शेजाऱ्यांपैकी पुष्कळांना घरदार सोडणं भाग पडलं होतं. आपल्याला कोकणातून कुणी हाकललं नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणून आपले वाडवडील अलिबागच्या गावांतून सुखाने नांदले. मी आपल्या मर्जीने आलो. तेव्हा कोकणाला नावं ठेवून इथे भाव खाऊ नकोस. तशी माणसं मी पाहिली आहेत, ती ना इथली होतात ना तिथली.

दिमोना वसलं 1955 साली. मी आलो तेव्हा वाळू, वारा आणि सरकारी चाळी. इथला वर्षाचा पाऊस आपल्याकडे कधीकधी एका दिवसात पडतो. गिरणगावातून आलेले आपले काहीजण इथल्या कापडगिरणीत लागले, त्यांचं बरं जमलं. मला मात्र हिब्रूने रडवलं.

आता ते कागद. लग्न लावायचं तर आपल्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, आधीच्या पिढ्या तपासा, असं धर्माधिकाऱ्यांनी काढलं. दोन हजार वर्षं शब्बाथ पाळणाऱ्यांना! 1964 साली देशभरातून आपली माणसं जेरुसलेमला धरण्याला जमली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्या ठरावाने हा देश माझा झाला, असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर बसलो तेव्हाच तो झाला होता. पाहुणा काही यजमानाच्या दारात धरणं धरत नाही.

म्हणून तुला कुणी कमी लेखलं तर तिथल्या तिथे बोल, आणि हिब्रूत बोल. त्यासाठी आधी उल्पान, म्हणजे हिब्रूचा वर्ग, पुरा कर. सकाळ-संध्याकाळ आपल्याच लोकांत बसलीस तर भाषा येणार नाही. मराठी कुठे जात नाही. मलिद्याच्या विधीला आम्ही जमतो तेव्हा बायका अजून मराठीतच भांडतात.

आणखी एक. इथल्या नेगेव वाळवंटातल्या कित्येक बेदुइन वस्त्यांना सरकारी वीज अजून मिळालेली नाही. त्यांच्याविषयी कुणी वाकडं बोललं तर मान डोलावू नकोस. हे सांगितलं की इथे काहीजण माझ्यावर रागावतात. रागावू देत.

पोहे, नारळ इथे मिळतात, आमसुलं तेवढी आण. आणि तिकीट काढताना वार बघ. शुक्रवारी दुपारनंतर उतरलीस तर शब्बाथमुळे दिमोनाची बस मिळायची नाही.

तुझा,
दिमोनाचा आजोबा